दाबा, धरा, सोडा

अकरा वर्षं झाली, हिंगण्याच्या टिनाच्या शेडमध्ये
गजभिये सर विमान बांधून राहिले.
दोन सीटचं. पंखांवर कापड, नाकात इंजिन,
आणि दिल्लीत कुठल्याशा टेबलावर फाईल.
जमीन अजून सोडलेली नाही.

याला पार्किंग ब्रेक कशाला, मी विचारलं.
मी मोतीबागेचा, नॅरोगेजचा ब्रेक फिटर.
जन्मभर धावत्या डब्यांना थांबवलं,
शेवटी लाईनच थांबली, माझा हात न लागता.
उभ्याला थांबवायचं काम
मला कुणी दिलं नव्हतं.

मग सरांनी मंगळवारचं सांगितलं.
विमान धूळ पुसायला बाहेर काढलेलं,
आणि एमआयडीसीच्या रस्त्यावरून वावटळ आली
पन्न्या, पळसाची पानं, कुणाची तरी पगाराची चिठ्ठी घेऊन.
विमान चालू लागलं. आपलं आपण.
साडेतीन फूट. पंखाचं टोक टाकीला टेकलं.
"चाललं बे निखारे, चाललं!"
सांगतानाही हसू आवरत नव्हतं,
पोच्यावर बोट फिरवत होते
जशी नातवाची पहिली खोक दाखवावी.

तर व्हॉल्व्ह. काडेपेटीएवढा.
पेडल आणि चाकं यांच्या मधे बसतो.
पेडल दाबलं की तेल चाकाशी जातं,
मूठ ओढली की तेलाची परतीची वाट बंद.
मग पाय काढा, खर्रा घोटा,
चाक धरलेलंच.

मी पाठीवर पडून, पॅनेलच्या खाली,
मान अशी की वरचे चार नट फक्त बोटांना दिसतात.
बाहेर चव्वेचाळीस. कूलर नुसता बोंबलतो.
पाने इतके तापले की बादलीत बुडवून ठेवले,
एकेक काढायचा, निथळायचा, लावायचा.
नळी दोनदा चुकली. तिसऱ्यांदा
वाकली तशी वाकली, सर म्हणाले राहू दे.

हवा काढायला तीन माणसं लागतात.
एक चाकाशी, एक तेलाच्या डब्याशी,
एक पेडलवर.
तेवढ्यात उज्ज्वला वहिनी गोळाभात घेऊन आल्या.
डबा बाकावर, चपला पायरीशी,
अकरा वर्षांत पहिल्यांदा
त्या आत बसल्या.

"मी म्हणेन तेव्हाच सोडायचं, वहिनी,
नाहीतर हवा परत आत जाते."
"मला शिकवू नका. डागा हॉस्पिटलात
बत्तीस वर्षं सलाईनी लावल्या."

दाबा.
धरा.
पारदर्शक नळीतून लाल तेल, आणि त्यात
मोहरीएवढे बुडबुडे, एकामागे एक.
सोडा.
दाबा. धरा.
आता खसखशीएवढे.
वहिनी काचेच्या जागच्या मोकळ्या चौकटीतून
समोर बघत होत्या. समोर भिंत होती,
भिंतीवर मागल्या सालचं कॅलेंडर.
सोडा.

"हे रात्रभर धरून राहील?"
नाही, मी म्हटलं. दाब उतरतो हळूहळू.
आणि उन्हात अडकलेलं तेल फुगतं, ते वेगळंच.
चाकांना लाकूड लावावंच लागतं.
"मग एवढी खटपट कशापायी?"
सर डब्यात वाकून पातळी बघत होते.
वर न बघता म्हणाले,
"वारा येतो तेवढ्यापुरती."

मूठ ओढली. लाकडं काढली.
दोघांनी शेपटीकडून रेटून पाहिलं,
माझ्या चपला घसरल्या, चाक नाही.
सरांनी पुन्हा एकदा रेटलं, उगाच,
आणि थोडा वेळ तिथंच उभे राहिले
तळहात कापडावर ठेवून.

"झालं, वहिनी. मूठ आत ढकला, उतरा आता.
भात थंडा होऊन राहिला."

मूठ आत गेली. टक्.
चाकं मोकळी झाली, फरशीला उतार नाही,
विमान होतं तिथंच.

वहिनींचे पाय मात्र अजून पेडलवर,
साडीच्या काठाला लाल तेलाचा ठिपका.
"थांबा जरा," म्हणाल्या,
आणि कॅलेंडरच्या वर कुठंतरी बघत राहिल्या,
टिनाला एक भोक होतं तिकडे.